परदेशातल्या हॉस्पिटलमधली सेवा संपवून खान्देशात परत येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातली नर्स. युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये लेबर वॉर्ड आणि लहान मुलांचा वॉर्ड अशा दोन्हीकडे व्हॉलंटियर म्हणून काम करून आले. तेव्हापासून आपल्याकडच्या नर्सिंगच्या पोरी, इंटर्नशिप संपलेले डॉक्टर, आणि त्यांचे आईवडील सुद्धा फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. जायचं कसं हे इथं नाहीये. काम संपत आल्यावर तिथून नीट निघायचं कसं आणि घरी आल्यावर स्वतःकडे लक्ष कसं द्यायचं, एवढंच आहे. माझं उदाहरण युगांडाचं आहे, तुमचा देश दुसरा असेल तर तिथले नियम बघून घ्या.

ताई, निघायची तयारी कधीपासून करायची?

शेवटच्या महिन्यापासून, शेवटच्या आठवड्यात नाही. आणि तयारी म्हणजे बॅग नाही हं, वॉर्ड. तुम्ही तिथं काही महिने राहिलात की दोनचार कामं आपोआप तुमच्या अंगावर येतात, कोणी सांगितलेलं नसतं पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची जाळी तुम्हीच धुता, फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन) २ ते ८ डिग्रीत आहे का ते तुम्हीच बघता, रिससच्या, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायच्या, ट्रेमध्ये बाळाचा मास्क आहे की नाही हे सकाळी आल्या आल्या तुम्हीच चाळता. तुम्ही गेलात की ही कामं कोणाचीच राहत नाहीत. म्हणून महिनाभर आधी बसून लिहून काढा की मी रोज खरोखर काय काय करते, आणि एकेक काम तिथल्या एका माणसाच्या नावावर इनचार्ज सिस्टरसमोर सोपवा. नंतर दोन आठवडे तुम्ही फक्त बाजूला उभं राहायचं. हात शिवशिवतात, तरी मध्ये पडायचं नाही. तिथल्या सिस्टरने स्वतः करताना काही अडलं तर तुम्ही असतानाच अडू दे ना.

आम्ही बाळांच्या औषधांचा वजनाप्रमाणे तक्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतला होता, वर एक्सरेची जुनी फिल्म धुऊन चिकटपट्टीने लावली होती म्हणजे हात ओले असले तरी खराब होत नाही. अक्षर मुद्दाम तिथल्या सिस्टरचं घेतलं. रात्रीच्या ड्युटीला पाहुणीने लिहिलेल्या कागदापेक्षा आपल्या माणसाच्या अक्षरावर लोक जास्त विश्वास टाकतात असं माझं मत आहे.

माझ्या पेशंटचं काय होणार, ही काळजी जात नाही.

जायला पण नको लगेच. पण करायचं काय ते सांगते. शेवटच्या आठवड्यात नवीन लांबलचक गोष्टी अंगावर घेऊ नका, ज्या बाळाला महिनाभर फॉलोअप लागणार आहे त्याची आई पहिल्या दिवसापासून तिथल्या सिस्टरला ओळखत असली पाहिजे. प्रत्येक चालू पेशंटचं हँडओव्हर केस पेपरवर लिहा, तोंडी नको, आणि 'पुढं काय करायचं' हा भाग आधी लिहा. मग पेशंटकडे जाऊन सांगा की मी या तारखेला जाणार, पुढं या सिस्टर बघतील. न सांगता निघून जाऊ नका. तिथं पेशंटचं जेवण, धुणं, अंथरूण सगळं नातेवाईकच करतात, डिलिव्हरीला येणारी बाई हातमोजे, प्लास्टिकची शीट, नाळ बांधायचा धागा, ब्लेड, कापूस असलेलं 'मामा किट' घेऊन येते, कुठं सरकारकडून मिळतं कुठं विकत घ्यावं लागतं. इतकं सगळं स्वतः उचलून आणणाऱ्या लोकांना तुम्ही कधी जाणार एवढं सांगणं तर त्यांचा हक्क आहे.

उरलेली औषधं, सामान तिथंच सोडून यायचं का?

विचारून. सरसकट नाही. औषधदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात औषध पोचतं तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि त्या देशाच्या अत्यावश्यक यादीत ते बसणारं असावं असं सांगितलंय. आपल्याकडच्या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिप, वरचं नाव मराठी-हिंदीत, हे तिथं कोणाच्या कामाचं नाही, उलट फेकायचा त्रास. स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर, चांगल्या कात्र्या, बीपीचं मशीन हे मात्र जरूर द्या, आणि स्टोअरच्या रजिस्टरला नोंद करून द्या म्हणजे ते वॉर्डाचं होतं, एका माणसाचं राहत नाही. मशीन द्यायचं असेल तर त्याचा सेल, फिल्टर, बीपीचा दंडाला बांधायचा पट्टा तिथल्या बाजारात मिळतो का ते आधी बघा.

निरोपाचा कार्यक्रम करतात, तेव्हा काय करायचं?

बसायचं आणि ऐकायचं. भाषणं होतात, प्रार्थना होते, सोड्याच्या बाटल्या येतात, कधी कोंबडी. 'वेबाले न्यो' म्हणजे खूप आभार, एवढं तिथल्या लुगांडा भाषेत म्हणा, लोक खूश होतात. कापड देतात ते दोन्ही हातांनी घ्या, गुडघ्यावर बसून देणाऱ्या बाया असतील तर गडबडून जाऊ नका, ती तिथली आदराची रीत आहे. फक्त एक, भावनेच्या भरात 'पुढच्या वर्षी येते', 'इन्क्युबेटर पाठवते' असं बोलू नका. ते लोक वाट बघतात हो.

कुठले कागद घेतल्याशिवाय निघायचं नाही?

लेटरहेडवरचं अनुभवपत्र, त्यात तारखा, वॉर्ड, तुमची जबाबदारी, सही-शिक्का, आणि सही करणाऱ्याचा ऑफिसचा ईमेल. तिथल्या कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन तुमच्याकडे असतंच, युगांडात डॉक्टरांसाठी वेगळी आणि नर्स-मिडवाइफसाठी वेगळी कौन्सिल आहे, त्याची कॉपी ठेवा आणि 'गुड स्टँडिंग' सर्टिफिकेट (तुमच्यावर काही कारवाई नाही असं सांगणारं) तिथं असतानाच मागून घ्या, जळगावला बसून ईमेलवर मागवताना जीव जातो. केसेसचं लॉगबुक ठेवलं असेल तर त्यात पेशंटची नावं नकोत. व्हिसा किंवा परमिटची तारीख तिकिटाच्या तारखेच्या पुढं आहे ना ते बघा. मोबाइल मनीमध्ये पैसे असतील तर काढून घ्या, सिम बंद झालं की अडकतात. आणि आपलं भारतातलं सिम मधल्या काळात रिचार्ज करून चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

यलो फिव्हरचं कार्ड परत येताना पण लागतं का?

हो, आणि हे लोक हमखास विसरतात! जाताना युगांडा मागतं आणि येताना भारत मागतो. यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशातून, किंवा अशा देशाच्या विमानतळावर थांबून येत असाल, आणि कार्ड नसेल, तर मुंबईला उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर १० वर्षं लिहिलेलं असलं तरी. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मूळ कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

घरी आल्यावर मलेरियाच्या गोळ्या बंद केल्या तर चालतं का?

नाही चालत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त काळजी पण याचीच वाटते, म्हणून सविस्तर सांगते.

मलेरियाचा डास तिकडं शेवटच्या रात्री चावला तरी आजार वर यायला वेळ लागतो. म्हणून अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर परत आल्यावर अजून ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर ४ आठवडे घ्यायच्याच. घरी आलं की आई म्हणते, बाई आता कशाला त्या गरम गोळ्या, पोट बिघडतं, आणि पोरी सोडून देतात.

गोळ्या पूर्ण घेतल्या तरी ताप येऊ शकतो. परत आल्यावर पहिले तीन महिने, खरं तर वर्षभर, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो आणि तो दोनतीन दिवसांत मेंदूपर्यंत, किडनीपर्यंत जाऊ शकतो. मी लहान मुलांच्या वॉर्डात हे रोज बघितलंय, सकाळी खेळत असलेलं पोर संध्याकाळी आईच्या खांद्यावर, जीभ कागदासारखी पांढरी, आणि रक्ताची पिशवी यायची वाट बघत बसलेलो आम्ही सगळे. त्यामुळे 'प्रवासाचा शीण असेल', 'व्हायरल चालूये गावात', 'ऊन लागलं' असलं काही स्वतःच ठरवून पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका. एक टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी परत करायची, दोनतीनदा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, 'मी अमुक तारखेला आफ्रिकेतून आले.' नुसतं 'ताप आहे' म्हणू नका. कारण आपल्या भागात फाल्सिपेरमला आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन द्यायची पद्धत राहिली आहे, आणि पूर्व आफ्रिकेतल्या मलेरियावर त्यातलं सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन बऱ्याच ठिकाणी चालत नाही, तिकडं आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देतात. औषध डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही कुठून आलात हे त्यांना कळल्याशिवाय ते कसं ठरवणार?

व्हिक्टोरिया तलावात पोहलो होतो, काही होतं का?

होऊ शकतं. तिथल्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बिल्हार्झियाचे जंतू बाहेर पडतात आणि नुसत्या कातडीतून शरीरात जातात, पाणी प्यायची पण गरज नाही. आपल्याकडे हा आजार जवळपास नाहीच, त्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात येत नाही, तुम्हीच सांगायचं. शेवटचं पाण्यात उतरल्यापासून ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करा, त्याआधी केली तर सापडत नाही बरेचदा. प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने बरा होतो.

काम करताना सुई टोचली होती, आता घरी कोणाला सांगू?

आधी तिथंच सांगा, त्याच तासाला. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यायची असतात. मधेच घरी यायची तारीख आली तर उरलेल्या सगळ्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत आणा. पुढच्या तपासण्या सिव्हिलच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात) मोफत होतात, नाव गुप्त राहतं, काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा. बी आणि सी कावीळ पण तपासा. घरच्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण कोणा एकाला तरी सांगाच, तीन महिने एकटीने मनात ठेवू नका. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीची तपासणी, त्यात लाजण्यासारखं काय आहे, आपण वॉर्डातच तर होतो.

शेजारचे एबोला एबोला करतात.

युगांडात एबोलाची साथ अधूनमधून आली आहे, २००० साली गुलू शहरात मोठी आली होती, त्यात लाकोर हॉस्पिटलचे डॉ. मॅथ्यू लुक्विया आणि त्यांच्यासोबतचे कितीतरी नर्स पेशंटची सेवा करताना गेले. २०२२ आणि २०२५ मध्ये पण आली. तुम्ही निघाल तेव्हा साथ चालू नसेल तर शेजाऱ्यांना शांतपणे तसं सांगा. चालू असेल तर निघाल्यापासून २१ दिवस रोज ताप मोजा, विमानतळावर खरं सांगा, लक्षण नसताना माणूस हा आजार पसरवत नाही.

कुठल्या महिन्यात परत यावं?

जमलं तर मे टाळा. पण आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी यायचं असतं, गौराई असते, झोके असतात, म्हणून सगळ्या पोरी एप्रिल-मेचंच तिकीट काढतात आणि ते मला पूर्ण समजतं. फक्त लक्षात घ्या की कंपाला, एन्टेबेकडं वर्षभर दुपारचा पारा साधारण २५ ते २९ च्या आसपासच असतो, आणि इथं भुसावळ-जळगावला ४४-४५. शरीराला सवय व्हायला एकदोन आठवडे लागतात. मुंबईला उतरून सरळ रात्रीची विदर्भ एक्सप्रेस नाहीतर अमरावती एक्सप्रेस पकडून या, दिवसा स्लीपरने येऊ नका. पहिले आठ दिवस दुपारी बाहेर पडू नका, आणि वर लिहिलंय तेच परत, ताप आला तर 'ऊन बाधलं' म्हणून कांदा चोळत बसू नका, आधी रक्त तपासा.

'तठे काय खाये व माय तू?' असं आजी विचारते, काय सांगू?

खरं सांगा, तिला सगळ्यात जास्त मजा येईल. मटोके म्हणजे कच्ची केळीच की. सोलून, केळीच्याच पानात बांधून वाफवतात, मग पानातच दाबून मऊ करतात आणि वर शेंगदाण्याचा रस्सा. रावेर-यावल-सावद्याच्या माणसाला हे ऐकून कौतुक वाटतं, आपण वेफर्स नाहीतर भाजी करतो आणि ते केळीवर आख्खं जेवण करतात. कॅसावा, पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बीन्स, आणि अंड्याची चपाती गुंडाळून 'रोलेक्स'. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. येताच कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, शेवभाजी सगळं एका दिवशी खाऊ नका मात्र, कितीही जीव गेला तरी. इतके महिने बिनतिखटाचं खाल्लेलं असतं.

मुलगी परत आलीय पण गप्प असते, चिडते. आम्ही काय करायचं?

हा आईवडिलांचा प्रश्न, आणि विचारलात हे फार बरं केलंत. तिला काही झालंय असं लगेच धरू नका. ती जिथून आलीय तिथं रक्त नाही म्हणून, गाडी वेळेत मिळाली नाही म्हणून लेकरं जाताना तिने बघितलीत, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर टाकलेलं अन्न बघून तिला रडू येतं. किंवा इथल्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये उगाच लावलेली सलाईन बघून राग येतो. तो राग तुमच्यावर नसतो. पाहुणे येतात आणि विचारतात सिंह पाहिला का, पगार किती होता, काळी माणसं कशी असतात, याची उत्तरं देऊन देऊन ती थकते. तुम्ही एवढं करा, पहिला आठवडा पाहुणे कमी बोलवा. 'कसं होतं?' असं नका विचारू, त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. 'तुझ्या वॉर्डात सकाळी पहिलं काय करायचे?' असं विचारा, ती बोलायला लागेल. मग मध्ये न बोलता ऐका.

झोप येत नाहीये, तेच तेच दिसतंय, जेवण सुटलंय, आणि हे दोनतीन आठवड्यांनी पण कमी होत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नर्स-डॉक्टरांनी स्वतःसाठी मदत मागण्यात कमीपणा नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

तिथले फोटो टाकले तर चालतील?

पेशंटचे नाही. मुलांचे तर अजिबात नाही. हातात सलाईन लावलेलं पोर आणि शेजारी हसणारे आपण, असा फोटो आपल्या सिव्हिलमध्ये कोणी आपल्या भाच्याचा काढून टाकला तर कसं वाटेल? युगांडात २०१९ पासून डेटा संरक्षणाचा कायदा पण आहे. सहकाऱ्यांसोबतचे, त्यांना विचारून, खुशाल टाका.

तिकडचे लोक व्हॉट्सअॅपवर पैसे मागतात.

मागतात, कारण गरज असते आणि तुमच्यावर विश्वास असतो. रागवू नका, ब्लॉक पण करू नका. एकदाच प्रेमाने सांगा की मी वैयक्तिक पैसे पाठवत नाही, आणि द्यायचंच असेल तर हॉस्पिटलच्या गरीब पेशंट फंडाला, पावती घेऊन द्या. कामाचं विचारलं तर मात्र नक्की उत्तर द्या. ते आपल्या अडीच तास मागे आहेत, आपली रात्री साडेदहा म्हणजे तिथं आठ, रात्रपाळी नुकतीच लागलेली असते, तेव्हा फोन उचलतात.

तिथं शिकलेलं इथं काय उपयोगाचं?

खूप, आणि खास आपल्या खान्देशात. युगांडात शंभरातल्या साधारण १३ जणांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुणधर्म आहे, आणि आपल्याकडे नंदुरबार, धुळ्याच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या क्लिनिकमध्ये मी बघितलं की दुखणं उठलेलं पोर आलं की आधी वेदना कमी करतात, पाणी देतात, ताप बघतात, प्रश्न नंतर. आणि आईला पोटाला हात लावून प्लीहा वाढलीय का ते घरी बघायला शिकवतात. हे धडगाव-अक्कलकुव्यात, मोलगीकडे उद्यापासून करता येण्यासारखं आहे. १ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, माणसं लागणारच आहेत. कमी वजनाच्या बाळाला छातीशी बांधून ठेवणं, कॉन्सन्ट्रेटर स्वतः दुरुस्त ठेवणं, लाइट गेल्यावर न घाबरता डिलिव्हरी करणं, यातलं काहीच वाया जात नाही. फक्त पहिल्याच दिवशी 'आम्ही तिकडं असं करायचो' म्हणून सुरू होऊ नका, इथल्या एएनएम आणि आशाताई कित्येक वर्षं डोंगर चढतायत. आधी त्यांच्यासोबत फिरा.

उरलेले शिलिंग इथं बदलून मिळतात का?

जळगावात विसरा. कंपालात किंवा एन्टेबेला निघायच्या आधीच डॉलर करून घ्या. २,००० डॉलरपर्यंत परकी चलन जवळ ठेवता येतं, त्याच्यावरचं परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेत द्यायचं. हस्तिदंत, कातडं, प्राण्याच्या दाताच्या माळा कोणी भेट दिल्या तरी आणू नका.

नोकरीत हा अनुभव धरतात का?

प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही ट्रस्टची हॉस्पिटलं कौतुकाने धरतात, सरकारी भरतीत जाहिरातीत जे लिहिलंय तेच धरतात, म्हणून जाहिरात नीट वाचा आणि अनुभवपत्रावर 'व्हॉलंटियर' सोबत पूर्णवेळ होतं का ते लिहून आणा. मुलाखतीत दुःखाच्या गोष्टी सांगत बसू नका, किती खाटांचा वॉर्ड होता, रात्री किती स्टाफ असायचा, तुम्ही काय सांभाळलं ते सांगा. आणि आपल्याकडचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुम्ही बाहेर असताना संपलं नाहीये ना, हे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात बघा. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट (ट्रेनिंग, कॉन्फरन्सला हजर राहिल्याचे) लागतात, नर्सेसनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या आपल्या सर्टिफिकेटवरची तारीख बघायची. ती गेली असेल तर आधी ते करा आणि मगच अर्ज भरा.